उज्दा ते त्लेमसेन, हवाई अंतर

काउंटरशी टाचा उंचावून उभी राहिली ती.
नाव रहमूना, पासपोर्टात वय एकाहत्तर,
पासपोर्ट कोरा करकरीत, एक शिक्का नाही.
म्हणाली, त्लेमसेनचं एक द्या.
बेकरीत पाव मागावा तसं.

अठरा वर्षं या खुर्चीत बसून
मी लांबची गावं विकतो,
ब्रसेल्स, मार्से, मोसमात मक्का.
त्लेमसेन म्हटलं की मात्र माझा हात
आधी कपाळावर जातो, मग कळांवर.

दोन नावं टाकली.
यंत्राला सरकारं कळत नाहीत. ते म्हणालं,
अंतर एकोणसाठ किलोमीटर,
उड्डाण, चढणं-उतरणं धरून, चौतीस मिनिटं.
खाली बारीक अक्षरांत: या मार्गावर विमान नाही.
ती बारीक अक्षरं वाचून दाखवायचाच
मला पगार मिळतो.

टॅक्सीनं? तिनं विचारलं.
टॅक्सी जूज बगालपर्यंत जाते, खाला.
जूज बगाल म्हणजे दोन खेचरं.
कुणाची होती, कुठं गेली, कुणालाच ठाऊक नाही,
नाका मात्र त्यांच्या नावानं उभा आहे,
आणि हट्टही त्यांचाच.

मग मी असलेली वाट सांगितली.
आज संध्याकाळी कासाब्लांका,
म्हणजे आधी पश्चिमेला, बहिणीकडे पाठ करून.
रात्र तिथल्या बाकावर.
सकाळी ट्युनिस, समुद्रावरून वळसा घालत,
कारण त्यांनी वरचं आभाळही बंद केलंय.
ट्युनिसहून ओरान. ओरानहून मोटारीनं दोन तास.
एकूण एकतीस तास,
सामान हरवलं नाही तर.

ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिली.
असरच्या नमाजानंतर नेणार आहेत खैराला, म्हणाली.
भिंतीवर पावणेअकरा.
तिनं पिशवीतून फोन काढला, भाच्याला लावला,
आणि दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं,
बाजारात आहे, उशीर होईल, असं सांगावं त्या सुरात
म्हणाली, माझ्यासाठी थांबू नका.

मी पाणी दिलं. ती बसली.
सीमा मिटली तेव्हा माझी नईमा रांगत होती, म्हणाली,
आता तिची पोरं शाळेत जातात.
मधल्या काळात एकदाच, अहफीरच्या रस्त्यावर,
ओढ्याच्या अलीकडे मी, पलीकडे खैरा,
दोघींच्या कानाला फोन.
तोंड हलायचं आधी, आवाज यायचा मागून.
तिनं संत्रं फेकलं. पाण्यात पडलं.
नेम तिचा लहानपणापासून वाईट.

मग ती स्क्रीनकडे बघून हसली.
हे तुमचं चौतीस मिनिटं चूक आहे, म्हणाली.
शेरगी सुटला की तिचा फोन यायचा,
रहमूना, धूळ निघाली गं, कपडे काढ.
मी काढायचे, घड्या घालायचे, चहा ठेवायचे.
आणि मग यायची धूळ, खिडकीच्या फटीतून,
तिच्या अंगणातली.
दीड तास लागतो. तीस वर्षांत
कधी दहा मिनिटं इकडेतिकडे.

माझ्याकडे या माहितीसाठी रकाना नव्हता.

जाताना तिनं तो कागद छापून मागितला,
दोन नावं आणि मधली सरळ रेघ असलेला.
भिंगातून पाहिला, चार घड्या केल्या,
कोऱ्या पासपोर्टात ठेवला.
छपाईचे दोन दिरहम काउंटरवर ठेवले.
राहू द्या म्हटलं, तर म्हणाली,
वाटेचं काम उधारीवर करू नये.

संध्याकाळी हिशेब जुळेना, दोन दिरहम जास्त.
पावती कुठल्या प्रवासाची फाडायची
ते सुचेना, म्हणून नाणी बाजूला ठेवली.
शटर ओढताना पूर्वेकडून वारा लागला.
समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे
अजून दोरीवरच होते.